एकावन्नावा टॉवेल

सोलापूरच्या हेड पोस्टात पार्सलच्या खिडकीपुढं रांग लागली होती, आणि गेली वीस मिनिटं ती तसूभरही हलली नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालचा वैशाख. वरचा पंखा नावापुरता फिरत होता. रांगेत चौथी उभी असलेली चन्नम्मा हातातल्या नोटिसांच्या पाकिटांनी वारा घेत, टाचा उंच करकरून पुढं बघत होती.

रांग अडवून धरली होती ती एका उंच, सावळ्या तरुणानं. पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल, आणि गप्पा अशा की खिडकीपलीकडचा कारकून जणू याचा मावसभाऊच.

"लंडनला किती दिवस लागतील म्हणायचं?"

"विमानानं आठ दिवस. आत काय आहे ते लिहावं लागतंय."

"टॉवेल. आमच्याच मागावरचा. साहेबांना भेट द्यायचीय."

"कोण साहेब?"

"नाव अवघड आहे ओ, त्या पाकिटावर लिहिलंय बघा. पंच आहेत तिकडचे. आमच्या तंट्याचा निकाल त्यांच्याच हातात आहे की."

चन्नम्माचं वारा घेणं थांबलं. पुढच्या दोघांना बाजूला सारून ती खिडकीशी कधी पोचली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"थांबा! तुम्ही लवादाला टॉवेल पाठवताय?"

त्यानं वळून पाहिलं. दचकला नाही, रागावला नाही. "लवाद म्हणजे?"

"पंच! ज्यानं तुमचा निवाडा करायचा त्यालाच भेट? लाच म्हणतात तिला!"

"एका टॉवेलाला?"

"टॉवेल काय, साधा रुमाल असला तरी!"

"रुमाल आमच्याकडं होत नाहीत," तो अगदी शांतपणे म्हणाला.

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. चन्नम्माच्या कपाळावरची शीर उडाली. तिनं हात पुढं केला, "तंट्याचं पत्र दाखवा." आणि नवल म्हणजे त्यानं सदऱ्याच्या खिशातून आठ घड्या घातलेला कागद काढून मुकाट तिच्या हातावर ठेवला. घड्यांमध्ये विभूती सांडली होती. आधी देवापुढं ठेवला असणार, दुसरं काय!

इंग्रजीत टाइप केलेलं ते पत्र तिनं उभ्या उभ्या वाचलं. हॅम्बुर्गच्या खरेदीदारानं लंडनमध्ये लवादाकडं दावा लावला होता. पत्र हाती पडल्यापासून चाळीस दिवसांत लेखी उत्तर पोचलं पाहिजे. नाही पोचलं, तर निकाल एकतर्फी.

"हे मिळालं कधी?"

"बारा दिवस झाले असतील."

"आणि बारा दिवस तुम्ही काय करत होता?"

"टॉवेल विणत होतो की," तो म्हणाला. "लंडनला जाणार म्हटल्यावर चांगला व्हायला नको?"

हसताना त्याचे आधी डोळे हसायचे, मग ओठ. हे आपल्या लक्षात का यावं, याचाच चन्नम्माला जास्त राग आला.

"अय्यो शिवने!" ती पुटपुटली. "चला माझ्याबरोबर. आणि ते पार्सल द्या इकडं!"

तर अशी ती पहिली भेट. त्याचं नाव मडिवाळप्पा वळसंगे, अक्कलकोट रोडवर चाळीस माग. आणि ती चन्नम्मा, भुसार बाजारातल्या संगप्पा अडत्यांची धाकटी, वकिलीची सनद घेऊन दोन वर्षं झालेली. त्या दोन वर्षांत तिनं बांधाच्या दाव्यांच्या तारखा घेण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

तिचे सीनियर मानसिंगराव चष्मा कपाळावर चढवून पत्राकडं बघत राहिले.

"लंडन?" ते म्हणाले. "पोरी, मला बार्शीच्या तारखेला वेळेवर पोचणं होत नाही."

"मी लिहिते उत्तर. सगळं टपालानंच चालायचं आहे, सर. साक्षसुद्धा प्रतिज्ञापत्रावर."

मानसिंगरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. या पोरीचं वेड त्यांना ठाऊक होतं. कॉलेजच्या वाचनालयात कुठल्याशा जुन्या अंकात तिनं वाचलं होतं, की परक्या देशात कारखाना घालणाऱ्या कंपनीचं तिथल्या सरकारशी वाजलं, तर सरकारलाही टेबलापलीकडं बसवून जाब विचारणारे लवाद आता जगात निघाले आहेत. त्या दिवसापासून बांधाच्या दाव्यात तिचं मन रमलं नव्हतं.

"मुंबईला माझा वर्गमित्र आहे," ते हळूच म्हणाले. "जहाजं, कंपन्या, परदेशी लवाद, हीच त्याची वकिली. हुशार ज्युनियर पाठव म्हणून माझ्या मागं लागलाय. हे उत्तर टिकलं, तर मी तुझं नाव कळवतो. नाही टिकलं..."

"नाही टिकलं तर बांध," चन्नम्मा म्हणाली.

खुर्चीवर बसलेला मडिवाळप्पा टॉवेलानं घाम पुसत दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "म्हणजे मी जिंकलो तर तुमी मुंबईला जाणार?"

"हो."

"आणि हरलो तर सोलापुरातच?"

"तुम्ही हरायचं नाही!" ती कडाडली.

"बरं," तो म्हणाला आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती सिटी बसनं कारखान्यावर गेली. चाळीस मागांचा तो खडखडाट! शब्द तोंडातून निघायच्या आत हवेत विरून जायचा. सुताचा भुरा पावसाच्या बारीक तुषारांसारखा सगळीकडं तरंगत होता, पापण्यांवर, फायलीवर, केसांवर बसत होता. बांधणीच्या खोलीचं दार लावलं तेव्हा कुठं बोलता आलं.

"करार दाखवा." त्यानं दाखवला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांतलं कलम होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे वाचलं होतं?"

"एवढं बारीक लिहिलंय म्हणजे वाचू नये म्हणूनच की."

"कुठलाही करार असो, तीन गोष्टी आधी विचारायच्या असतात! तंटा झाला तर कोण सोडवणार, कुठं सोडवणार आणि कुठल्या भाषेत. कळलं?"

"कोण, कुठं, कुठल्या भाषेत," तो शहाण्या पोरासारखा म्हणाला. "लक्षात ठेवतो."

भानगड तशी साधी होती. दोनशे गठ्ठे हॅम्बुर्गला गेले. कागदावर दर गठ्ठ्यात पन्नास टॉवेल. तिथल्या जकातवाल्यांनी गठ्ठे फोडले तर प्रत्येकात एकावन्न! न सांगता जास्तीचा माल आणला म्हणून त्यांनी सगळा माल अडकवला, आणि ब्रुनर नावाच्या त्या खरेदीदारानं करार मोडला म्हणून माल नाकारून वर नुकसानही मागितलं.

"एक-दोन गठ्ठ्यांत चूक होईल," चन्नम्मा म्हणाली. "दोनशेच्या दोनशे गठ्ठ्यांत कशी होते?"

कोपऱ्यात गठ्ठ्याला सुतळी घालत बसलेली अक्कम्मा बोलली. वीस वर्षं बांधणीवर असलेली बाई. "चूक कशाला म्हंतीस ताई? शून्यावर गठ्ठा बांधायचा न्हाई. आहेर कुनी पन्नासाचा देतंय का? एकावन्नाचाच देतेत की. कमलम्मा मालकीनबाईंनी घालून दिलंय. वरचा एक देवाचा."

"कमलम्मा?"

"आई माझी," मडिवाळप्पा म्हणाला. "दोन हातमागांवर सुरू केलं होतं तिनं. चार वर्षं झाली जाऊन."

चन्नम्मानं पिशवीतून कोरा कागद काढला. "ठीक आहे. आपण लिहू या की बांधणीच्या खात्यात नजरचुकीनं गठ्ठ्यामागं एक टॉवेल जास्त पडला. नजरचूक म्हटलं की दावा निम्मा ढिला होतो. उद्या टाइप करून आणते. सही करा."

त्यानं पुढं झुकून तिच्या कानामागच्या बटेवरचा सुताचा एक लांब धागा हलकेच उचलला आणि फुंकर मारून उडवला.

"काय करताय?" ती दोन पावलं मागं सरली.

"धागा होता. बसमधी लोक हसले असते."

त्या दिवशी बसमध्ये कुणी हसलं नाही. पण चन्नम्माचा हात उगाचच चार वेळा कानामागं गेला.

आणि मग सुरू झाला वैताग. नुसता वैताग!

ती टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन गेली, तर याच्या पेनातली शाई संपलेली. तिनं आपलं पेन पुढं केलं, तर म्हणे दुसऱ्याच्या पेनानं मी सही करत नाही, आईनं सांगितलंय. दुसऱ्या खेपेला नोटरी म्हणे गावाला गेलेला. तिसऱ्या खेपेला कागदावर चहा सांडला. सांडला कसला, कपच कागदाच्या पोटावर ठेवलेला! प्रत्येक खेपेला मात्र वाळ्याचं पाणी तयार, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी तयार, आणि समोर बसून हा माणूस विचारणार, "लंडनचे पंच रागीट असतात का हो?"

"तुमच्यासारखा पक्षकार मिळाला तर होत असतील!"

"तुमी रागावला की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतोय, माहीत आहे?"

"ऊन आहे ते!"

"मग सावलीत बसा की. घाई काय आहे?"

"घाई? टपालाचे आठ सोडले तर हातात वीस दिवस होते, त्यातले अकरा गेले, मडिवाळप्पा! तुमचा माल तिकडं गोदीत कुजतोय, तुमचे चाळीस माग पणाला लागलेत, माझं सगळं..." ती थांबली. आपलं सगळं काय, ते याला कशाला सांगायचं?

तो एकदम गंभीर झाला. कागद ओढून त्यानं त्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हा शब्द काढा. बाकी आत्ता सही करतो."

"कुठला?"

"चूक."

"अहो, एक शब्द आहे!"

"आईनं वीस वर्षं दर गठ्ठ्यात एक वरचा टाकला. दोन मागांचे चाळीस झाले ते त्याच्यामुळं, असं ती मानायची. आणि मी आता लंडनला लिहून द्यायचं की ती सगळी चूक होती?"

"मग काय लिहू? देवाचा टॉवेल? त्या साहेबाला काय कळणार आहे?"

"ते तुमी बघा. वकील तुमी आहात," असं म्हणून तो मागांकडं निघून गेला, खांद्यावरचा टॉवेल झटकत. त्या खडखडाटात चन्नम्मा मोठ्यानं काय म्हणाली ते देवालाच ऐकू गेलं असेल, आणि ऐकू गेलं नसेल तर बरंच.

घरी तिची आई, अव्वा, वाटच बघत होती. "वकिली करतीस का त्या मागवाल्याकडं नांदायला निघालीस? रोज अक्कलकोट रोड, रोज अक्कलकोट रोड!"

"साकु, अव्वा! पुरे!" चन्नम्मा किंचाळली. "त्या माणसाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं!"

"मी कुठं नाव काढलं?" अव्वा म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

सोमवारी सकाळी निरोप आला. मालक म्हणतात, संध्याकाळी बाळीवेशीतल्या मठात नागप्पाबुवांचं शिवकीर्तन आहे, तिथं भेटू, सहीचं बघू. प्रतिज्ञापत्राची सही कीर्तनात! चन्नम्मानं फाइल काखेत मारली आणि दातओठ खात मठात जाऊन बायकांत बसली.

समई लागलेली. बुक्क्याचा आणि मोगऱ्याचा वास. बुवांच्या मागं टाळकरी, आणि पेटीवर... मडिवाळप्पा! तोच खांद्यावरचा टॉवेल, पण चेहरा वेगळाच. डोळे मिटलेले, बोटं पाण्यावरून फिरावीत तशी पट्ट्यांवरून फिरताहेत. बुवांनी वरचा सूर घेतला की याची पेटी एक पाऊल मागं राहून त्यांना वाट करून द्यायची, आणि सूर खाली आला की हळूच हात धरायची. कारखान्यात सरळ उत्तर न देणारा हा माणूस इथं एकही सूर चुकवत नव्हता.

पूर्वरंग झाला. बुवांनी फेटा सावरला आणि आख्यान लावलं. एक विणकर होता, शिवाचा भक्त. गिऱ्हाइकानं पाच हात कापड मागितलं की हा पाच हात आणि वर चार बोटं द्यायचा. एकदा एक परगावचा सावकार आला. त्याला संशय, जास्त का देतो हा? नक्की कापडात खोट असणार! नेलं विणकराला पंचांपुढं.

"पंच म्हणाले," बुवांचा आवाज खाली आला, सगळा मठ पुढं झुकला, "पंच म्हणाले, बाबा रे, कमी दिल्याचे तंटे आमच्यापुढं रोज येतात. जास्त दिल्याचा पहिलाच आला. सांग, का दिलंस जास्त? आणि तो विणकर म्हणाला..." टाळ थांबले, फक्त पेटीचा एक सूर उभा राहिला, "...महाराज, मोजून देणारा हात माझा आहे. वरची चार बोटं त्याची. माझ्या हाताची झडती घ्या. त्याच्या हाताची कशी घेणार?"

मठभर टाळ्यांचा गजर झाला. चन्नम्माच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचाही राग आला. भांडायला आलेल्या माणसाला असं रडवायचं म्हणजे काय! तिनं पदरानं डोळे टिपले आणि पेटीकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता. नजर मिळाली तशी त्यानं खाली घातली आणि एक पट्टी चुकवली... त्या संध्याकाळची पहिली आणि शेवटची.

आणि तेव्हाच तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं.

आरती होताच तिनं त्याला मठाच्या पायरीवर गाठलं. "या ब्रुनरला आधी कधी माल पाठवला होता?"

"तीन वर्षं पाठवतोय की."

"तेव्हाही एकावन्न?"

"आईनंतर मी एकदाही पन्नासावर बांधला नाही."

"आणि तो कधीच काही बोलला नाही?"

"बोलला की."

चन्नम्मानं काखेतली फाइल हातात घेतली. "काय बोलला?"

"आभार मानले त्यानं. पत्र आहे त्याचं. लिहिलंय, तुमचा तो दर गठ्ठ्यातला मैत्रीचा टॉवेल पोचला, फार आनंद झाला, बायकोनं एक घरात ठेवून घेतला. छान पत्र आहे."

"कुठं आहे ते पत्र?"

"आईच्या फोटोमागं. तिचंच कौतुक होतं ना ते. म्हणून तिच्याजवळ ठेवलंय."

चन्नम्मानं दोन्ही हात कपाळाला लावले. बाजूनं जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या थबकल्या. "ब्रुनरच्या सहीचं पत्र तुमच्या घरात आहे! तीन वर्षं तो वरचा टॉवेल खुशीनं घेत होता, हे त्यानं स्वतः लिहून दिलंय! आणि मी बारा दिवस ऊन खात, चहा पीत, तुमच्या शाईची वाट बघत... हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुमी विचारलंच नाही की," तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "तुमी रोज एकच विचारत होता, चूक कशी झाली, चूक कशी झाली. चुकीचं माझ्याकडं काही नव्हतं. रीत काय आहे असं विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी दिलं असतं."

माणूस बरोबर बोलत होता. आणि हा माणूस बरोबर बोलतो, यापरीस जास्त वैताग आणणारी गोष्ट जगात दुसरी नव्हती.

"तिकडं बाजार पडला असणार," ती शेवटी हळू आवाजात म्हणाली. "त्याला माल नकोय. जकातीचं निमित्त मिळालं. मडिवाळप्पा, आपण चूक लिहायची नाही. रीत लिहायची. बुवांनी लावलं तसंच... आधी तत्त्व, मग गोष्ट."

"वरच्या चार बोटांची," तो म्हणाला. त्याचे आधी डोळे हसले.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. स्वतःच्या पेनानं, पहिल्या झटक्यात, नोटरीसमोर. शाई भरपूर होती. अक्कम्मानंही आपल्या जबानीवर अंगठा उठवला. टपालाचे दिवस धरूनही मुदतीला सहा-सात दिवस हाताशी ठेवून पाकीट लंडनला गेलं. सोबत टॉवेल नव्हता. चन्नम्मानं पाकीट दोनदा चाचपून पाहिलं होतं.

पुढचे महिने टपालाचे. ब्रुनरचं उलट उत्तर, त्यावर हिचं उत्तर. दर वेळी कारखान्यावर जाणं आलंच. कधी खरंच काम असायचं, कधी नसायचंही. तो पेटीवर नवीन चाल बसवली की ऐकवायचा, ती लवादाच्या गोष्टी सांगायची. तो सगळं बोलायचा. पाऊसपाणी, सुताचा भाव, नागप्पाबुवांचा घसा, सगळं... फक्त जे बोलायला हवं ते सोडून.

मार्गशीर्षात निकाल आला. खरेदीदाराला आधीपासून माहीत असलेल्या आणि त्यानं आनंदानं स्वीकारलेल्या प्रथेची तक्रार त्याला आता करता येणार नाही, दावा फेटाळला. मानसिंगरावांनी तो कागद तीनदा वाचला, चष्मा पुसला, आणि मुंबईला ट्रंककॉल लावला. संक्रांतीनंतर हजर व्हा, असं पत्र आठवड्यात आलं. पुढंमागं लंडनलाही जावं लागेल, असं त्यात लिहिलं होतं.

चन्नम्मा ते पत्र घेऊन धावतच कारखान्यावर गेली. मडिवाळप्पानं ते सावकाश वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"छान झालं," तो म्हणाला.

"बस? छान झालं?"

"लई छान झालं."

ती तशीच वळून निघून आली. बसमध्ये रडली नाही. नाकाचा शेंडा मात्र लाल होता, आणि थंडीच्या दिवसांत उन्हाला दोष देता येत नव्हता.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली. निघायच्या आदल्या दुपारी ती मानसिंगरावांच्या ऑफिसात आपली पुस्तकं बांधत होती. दार वाजलं. तो उभा होता. हातात कापडी बोचकं, खांद्यावर तोच निळ्या काठाचा टॉवेल.

"मुंबईला थोडे टॉवेल लागतील म्हटलं."

तिनं बोचकं टेबलावर ठेवून सोडलं. शुभ्र, मऊ, निळ्या काठाचे टॉवेल. बोटांनी आपोआप मोजले. मग पुन्हा मोजले.

"दहा?" ती म्हणाली. "दहाच? तुम्ही शून्यावर बांधलंत?"

तो वरच्या टॉवेलाची घडी सारखी करत राहिला.

चन्नम्माचा आठ महिन्यांचा सगळा वैताग एकदम उफाळून आला. तिनं खुर्ची ओढली. "बसा. आता मी विचारीन आणि तुम्ही हो किंवा नाही एवढंच म्हणायचं."

"थोडा पूर्वरंग तरी..."

"पूर्वरंग नाही! त्या दिवशी पेनातली शाई खरंच संपली होती?"

"...नाही."

"नोटरी गावाला गेला होता?"

"गल्लीतच होता."

"चहा सांडला की सांडवला?"

"सांडवला. पण तारखा मोजल्या होत्या मी, खोटं नाही सांगत! मुदत चुकू दिली नसती."

"हो किंवा नाही! नागप्पाबुवांना ते आख्यान तुम्ही लावायला सांगितलं होतं?"

"हो. मला तुमच्यापुढं नीट बोलता येत नव्हतं. बुवांना येतंय."

"सही का लांबवली?"

"याला हो-नाहीत उत्तर नाही," तो म्हणाला. मग खाली बघत, पहिल्यांदाच आडवळण न घेता बोलला, "सही झाली असती तर तुमी परत आला नसता. आणि दावा जिंकला की तुमी जाणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हरावं असं एकदाही वाटलं नाही, आईशपथ. पण जिंकल्यावर... छान झालं एवढंच तोंडातून निघालं."

चन्नम्मा खिडकीशी गेली, परत आली.

"मी मुंबईला जाणार," ती म्हणाली. "कदाचित लंडनला. गठ्ठे बांधायला मी येणार नाही."

"गठ्ठे बांधायला अक्कम्मा आहे. मला भांडायला कुणीतरी पाहिजे. दोन महिन्यांतनं एकदा आलात, किंवा मी आलो, तरी साठवून भांडू."

"करार करायचा तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात."

त्याचे डोळे हसले. "कोण, कुठं, कुठल्या भाषेत. लक्षात ठेवलंय की. तंटा सोडवायला नागप्पाबुवा. ठिकाण सोलापूर, मठाची पायरी."

"आणि भाषा?"

"मराठी. तुमी फारच रागावला तर कानडी."

ती हसली. हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. टेबलावरचे ते दहा टॉवेल तसेच उघडे पडले होते.

"अकरावा कुठाय मडिवाळप्पा? आईंची रीत मोडलीत तुम्ही."

"मोडली नाही. तो तुमी मागून घेताय का बघायचं होतं," तो म्हणाला.

अय्यो शिवने, काय हा माणूस! चन्नम्मानं एक पाऊल पुढं टाकलं, त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. पोस्टातल्या त्या पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढं असलेला, घामाचा, सुताचा, थोडा विभूतीचा वास असलेला. तिनं त्याची घडी घातली आणि दहांच्या वर ठेवली.

"हं," ती म्हणाली, "आता बांधा."